उजवा कान

कानाए नागामिनेला त्या शनिवारी एकच काम होतं. कानात घालायचे हेडफोन घ्यायचे. बाराला दुकानात शिरायचं, तासाभरात ठरवायचं आणि परतताना हाचिओजी स्टेशनाबाहेर मासे घेऊन घर गाठायचं, असा साधासरळ बेत होता.

कानाए अडतीस वर्षांची. एकटी राहायची. ओचानोमिझूला संगीताची पुस्तकं छापणारं एक छोटं प्रकाशन आहे, तिथे ती छापायला जाणारी स्वरलिपी तपासायची. जायला एक तास, यायला एक तास, असे रोजचे दोन तास गाडीत जायचे. त्या दोन तासांत गाणं ऐकायचं, ही तिच्या दिवसाची एकमेव चैन. जुन्या इअरफोननी नोव्हेंबरातच मान टाकली होती. हिवाळ्याचा बोनस हातात आला, आणि तिने ठरवलं की या वेळी स्वस्तात पडायचं नाही. आयुष्यात एकदा तरी उत्तमातलं उत्तम काय असतं ते ऐकायचंच. आदल्या रात्री तिला धड झोपही लागली नव्हती. सहलीला निघालेल्या पोरीसारखी ती पुन्हा पुन्हा उठून घड्याळ बघत होती.

दुकान अकिहाबाराच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्टचं दार उघडलं तर आत पंधरा-वीस माणसं उभी, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि चकार शब्द नाही. कुणाची मान डोलत होती, कुणाचं बोट मांडीवर ठेका धरत होतं. खोलीत स्पिरिटचा वास होता, एकाच्या कानातलं दुसऱ्याला देताना पुसून द्यायचे त्याचा.

मोरीवाकी नावाचा पन्नाशीचा, किडकिडीत विक्रेता तिच्याजवळ आला. इतका हळू बोलायचा की ऐकणाऱ्याला आपोआप पुढे वाकावं लागे.

"काय ऐकता आपण?"

"दिवसभर कागदावरचं सगळं. घरी जाताना मात्र बायकांचे आवाज. मागे एखादंच वाद्य असलेले."

"आणि कुठे?"

"गाडीत. चुओ लाईनवर."

"मग आधी कानातली गाडी बाहेर काढू," मोरीवाकी म्हणाला, "गाण्याला आत यायला जागा तर हवी."

त्याने एकेक नमुना काढायला सुरुवात केली. पहिल्याचा खर्ज एवढा दांडगा, की ढोलवाला बिऱ्हाड घेऊन डोक्यात राहायला आलाय असं वाटावं. दुसरा इतका तलम की 'स' अक्षर आलं की टाचणी टोचायची. तिसरा बरा. चौथा छानच, पण दहा मिनिटांत कान दुखायला लागला. एक वाजला, दोन वाजले. मासे डोक्यातून कधीच गेले होते. कानाएचे गाल तापले होते. ती मोरीवाकीशी भांडत होती, परत मागत होती, "तिसरा पुन्हा द्या, आता रबरी टोपी छोटी लावून," म्हणत होती. मोरीवाकीही खुशीत आला होता. असं गिऱ्हाईक त्याला वर्षातून एखादंच मिळायचं.

साडेतीनला त्याने मागच्या कपाटातून एक छोटी डबी आणली. "हे सगळ्यांना देत नाही."

कानाएने ते घातलं. तिचं नेहमीचं गाणं सुरू झालं, आणि पहिला स्वर लागायच्या आधी तिला ऐकू आलं... गाणाऱ्या बाईचे ओठ विलग झाल्याचं. मग श्वास. मग गाणं आलं ते असं, जणू ती बाई गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली आहे.

"हे मी हजार वेळा ऐकलंय," ती पुटपुटली.

"नाही," मोरीवाकी म्हणाला. "आज पहिल्यांदा ऐकलंत."

ते तयार मिळत नव्हतं. कानाचा साचा घेऊन, ज्याच्या त्याच्या कानाच्या मापानेच घडवायचे. दोन गल्ल्या पलीकडे श्रवणयंत्रांचा दवाखाना होता, दुकान तिथूनच साचे करून घ्यायचं. कानाए त्याच संध्याकाळी गेली. तिथल्या बाईने तिच्या दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरला आणि पाच मिनिटं अजिबात हलू नका अशी खूण केली. सगळा आवाज बंद झाला. फक्त स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येत होतं. बाईने डावा साचा काढला. उजव्याला बोट लावलं, मान हलवली, आणखी थांबली. पाच मिनिटांची बारा झाली.

"उजवा कान फार गार आहे तुमचा," साचा निघाल्यावर ती म्हणाली. "गारठ्यात लगदा लवकर धरत नाही. बाहेर बर्फ आहे का?"

बाहेर बर्फ नव्हता. पण कानाए आनंदात होती, तिने ते मनावर घेतलं नाही.

नंतरचे सहा आठवडे तिने दिवस मोजत काढले. कोणती गाणी कोणत्या क्रमाने ऐकायची त्याची यादी केली, ती खोडली, नवी केली. फेब्रुवारीत मोरीवाकीचा फोन आला तेव्हा ती हातातलं काम तसंच टाकून निघाली.

मखमली डबीत दोन निळे काचेसारखे तुकडे होते. आत बारीक तारांची गुंतागुंत दिसत होती. प्रत्येक तुकडा वायरीला अडकवायचा आणि काढता यायचा. तिने डावा कानात घातला. किल्ली कुलपात फिरावी तसा तो बसला आणि त्या बाजूचं जग मिटलं. तिला हसू आवरेना. मग तिने उजवा घातला.

तो बसेना.

तिने फिरवून पाहिला, कान ओढून पाहिला. मोरीवाकीने आरसा धरला, स्वतः बघितलं. मग तो आत गेला आणि तिच्या नावाची चिठ्ठी लावलेले दोन्ही गुलाबी साचे घेऊन आला. उजवा तुकडा उजव्या साच्याशी तंतोतंत जुळत होता.

मोरीवाकीने तिला खुर्चीत बसवलं. दिवा तिच्या कानाशी धरला. बराच वेळ बघत राहिला.

"मी माणसांचे चेहरे विसरतो," तो शेवटी म्हणाला, "कान नाही विसरत. हा साचा तुमच्या कानाचा नाही."

"मग कुणाचा?"

"लहान आहे. मुलीचा असावा. सतरा-अठराची..." तो अडखळला. "माणसाचा कान मरेपर्यंत वाढत असतो, नागामिनेबाई. त्याच्या खुणा असतात, वळणं सैलावतात. या कानाचं वळण पूर्ण झालंय, पण पुढे काहीच झालेलं नाही. वाढायचा... थांबल्यासारखा वाटतो."

त्याने तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला. साचे बदलले असतील अशी त्याची खात्री होती. पलीकडून त्या बाईने वही पाहून सांगितलं, त्या संध्याकाळी साच्यासाठी एकच गिऱ्हाईक आलं होतं.

"आम्ही बदलून देऊ," मोरीवाकी म्हणाला. "हा तुकडा ठेवून जा."

कानाएचं लक्ष नव्हतं. त्याच्या भिंगाखाली तिने तो निळा तुकडा धरला होता. कानाच्या वाटीत बसणाऱ्या बाजूवर एक तिरकी खाच होती, आणि खाचेच्या कडेने ओळीत सहा बारीक खळगे. शिवणीसारखे. टाक्यांसारखे.

तिने तुकडा मुठीत घेतला. "हा राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. तो गरम होता. आत्ताच कुणाच्या तरी कानातून काढल्यासारखा.

तो कान तिच्या ओळखीचा होता. तीन वर्षं रोज सकाळी तिने तो वीतभर अंतरावरून पाहिला होता.

मुत्सुमी ओगुची. दोघी डोंगरातल्या होताका गावच्या, एकाच गल्लीतल्या. मात्सुमोतोच्या शाळेत रोज छोट्या गाडीने जायच्या. मिनीडिस्कचं यंत्र एकच, इअरफोनची जोडी एकच. डावा कानाएला, उजवा मुत्सुमीला. मध्ये वायर तुटेल म्हणून डोक्याला डोकं लावून बसायचं. मुत्सुमी लहानपणी बर्फावर घसरून पडली होती, घसरगाडीच्या पत्र्याने कान आतून फाटला होता आणि गावच्या डॉक्टरने सहा टाके घातले होते. ती खूण ती केसांआड लपवायची. फक्त गाडीत केस मागे सारायची, इअरफोन घालण्यापुरते.

दोघींनी टोकियोच्या संगीत विद्यालयाची परीक्षा द्यायची ठरवली होती. एकाच गाडीने जायचं, तिकिटंही काढली होती. आदल्या दिवशी कानाएचा धीर सुटला. ताप आल्याचं खोटंच सांगून तिने जायचं टाळलं. गाडीच्या वेळी स्टेशनवर जाऊन तिने इअरफोन तेवढे मुत्सुमीच्या हातात दिले आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी येतेच मागून." मुत्सुमी रुसली नाही. म्हणाली, "बरं. आज दोन्ही कान माझे."

गाडी टोकियोत, शिंजुकू स्टेशनात रिकामी झाली तेव्हा एक मुलगी खिडकीशी डोळे मिटून बसलेली होती. सफाईवाल्यांना वाटलं, झोपली आहे. जन्मापासूनच हृदयात काहीतरी दोष होता, तो कुणाला कधी कळलाच नव्हता. वाटेत कुठेतरी, गाणं चालू असताना, ते हृदय थांबलं होतं.

ही गोष्ट कानाएने वीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. पुढच्या वर्षी ती एकटीच टोकियोला आली, आणि मुत्सुमीच्या घराची पायरी पुन्हा चढली नाही.

पुढच्याच रविवारी ती होताकाला गेली. भीती वाटत होती, हे खरं. पण त्यासोबत दुसरंही काहीतरी होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला होता. गाडीत ती खिशातला तुकडा दर दोन मिनिटांनी चाचपून बघत होती.

मुत्सुमीची आई, सेत्सुको, आता सत्तरीच्या झाल्या होत्या. दार उघडताच त्यांनी कानाएला ओळखलं.

"वाळलीस ग," त्या म्हणाल्या. "ये आत. पाय गारठले असतील, कोतात्सूच्या गरम दुलईखाली घाल. लोणचं काढते, यंदा नोझावानाचा पाला बरा उतरलाय."

"काकू, आधी एक दाखवायचंय..."

कानाएने तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. काय आहे, कुठून आलं, एक अक्षर सांगितलं नाही. म्हातारीने चष्मा शोधला नाही, उजेडात धरला नाही. अंगठा फिरवला. खाचेवर आला तसा तो थांबला, आणि मग एकेका खळग्यावरून मोजल्यासारखा पुढे गेला.

"सहा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर टाके घालत होता तेव्हा मांडीवर मीच धरली होती हिला."

कानाएने सगळं सांगितलं. दुकान, लगदा, गार कान. मग खोटा ताप, तोही सांगितला. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण ती भरभर बोलतच राहिली, आणि म्हातारी मध्येच "मग? मग पुढे?" करत राहिली. त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवर लाली चढली होती. घाबरायचं असतं हे जणू त्यांच्या गावीही नव्हतं.

"तापाचं मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुझी आईच बोलली होती मागे. त्यात काय एवढं. तिला सोबत नव्हती, एवढंच माझ्या जिवाला लागून राहिलं. बाकी काही नाही." मग तुकड्याकडे बघून, हळू आवाजात, "ऐकू येईल का ग तिला यातून?"

त्यांनी देवघरातल्या मुत्सुमीच्या फोटोपुढे छोटी उशी ठेवली, उशीवर उजवा तुकडा. कानाए शेजारी बसली, डावा कानात घालून. ती आणि मुत्सुमी गाडीत ऐकायच्या तेच जुनं गाणं तिने लावलं. अर्धंच गाणं तिच्या वाट्याला येत होतं, उरलेलं अर्धं उशीवर. सेत्सुकोकाकू हात जोडून बसल्या होत्या. दोन कडवी झाली. तिसऱ्याला, वाद्यं थांबतात त्या जागेवर, कानाएला डाव्या कानात ऐकू आलं... गाणाऱ्या बाईचं नव्हे. त्या रेकॉर्डिंगमधलंच नव्हे. कुणीतरी नाकातल्या नाकात, किंचित उशिरा, खालचा सूर धरत होतं.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. तिने डोळे घट्ट मिटले आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही.

निघताना तिने उजवा तुकडा वायरीतून सोडवून काकूंना दिला. "इथेच राहू दे," ती म्हणाली. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

मार्चमध्ये कानाएने नवा साचा दिला. या वेळी उजवा कान गार नव्हता, लगदा पाच मिनिटांत धरला. नवा तुकडा आला तो झकास बसला. मोरीवाकीने दिवा लावून तपासलं, "हा तुमचाच," म्हणाला, आणि जुन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कानाएला पहिल्यांदाच दोन्ही कानांनी पूर्ण गाणं मिळालं. ते काय सुख होतं ते तिचं तिलाच ठाऊक. चार दिवस ती मुद्दाम सगळीकडे थांबणारी गाडी पकडत होती, प्रवास लांबावा म्हणून. श्वास, बोटं, तारांवरची नखं, सगळं ऐकू येत होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला सेत्सुकोकाकूंचा फोन आला.

"एक गंमत सांगू का? मी रात्री ते कानातलं फोटोपुढे ठेवते ना, सकाळी ते तिथे नसतं."

"मग कुठे असतं?"

"दाराशी. चपलांच्या कपाटावर. पाच दिवस झाले. मी उचलून पुन्हा फोटोपुढे ठेवते, सकाळी पुन्हा दाराशी. शाळेला निघताना दप्तर तिथेच ठेवायची ती."

"काकू... तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती कसली ग?" काकू म्हणाल्या. "मी तर पहाटे चारलाच उठून बसते, बघायला."

त्या रात्री कानाएला झोप आली नाही. भीती वाटत होती, आणि आपण कसली तरी वाट बघतोय असंही वाटत होतं. दोन्हींत तिला फरक करता येईना.

पुढच्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊला, ती ओचानोमिझूच्या फलाटावर उतरली तेव्हा फोन थरथरला. ती भिंतीकडच्या बाकावर बसली. गाणं थांबवलं, उजव्या कानातला तुकडा काढून मांडीवर टाकला आणि फोन त्या कानाला लावला. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला. खालून कालव्याच्या पाण्याचा दमट वास येत होता.

"कानाए, आज कपाटावरही नाही," काकूंना धाप लागली होती. "घरभर शोधलं. कपाटाखाली, उंबऱ्यात, सगळीकडे. दाराला आतून कडी, मीच लावलेली. पण नाही म्हणजे नाही." आवाज थरथरत होता, पण रडण्याने नव्हे. "साडेसहाची गाडी मिळाली असणार तिला. हो ना? साडेसहाची असली तर आता..."

"काकू, नीट शोधा. कुठेतरी पडलं असेल..."

"तू कुठे आहेस आत्ता?"

"ओचानोमिझूला. फलाटावर."

"आणि शेजारी कोण आहे?"

कानाएने उजवीकडे पाहिलं. बाक रिकामा होता. त्यापलीकडे खांब, आणि कुणी नाही.

"कुणी नाही, काकू."

"अगं, मला ऐकू येतंय ना. कुणीतरी गुणगुणतंय."

कानाए श्वास रोखून बसली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. दूर सिग्नलची टिकटिक तेवढी. फोनवर काकूही कान देऊन ऐकत असाव्यात. मग त्यांनी खूप सावकाश, खूप दिवसांचा अडकलेला श्वास सोडला.

"पोहोचली बाई एकदाची," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

कानाएने फोन खाली घेतला. उजवा तुकडा मांडीवर नव्हता. तिच्या गळ्यापासून निघालेली वायर उजवीकडे, बाकाच्या रिकाम्या जागेकडे ताणलेली होती, कोटाच्या घडीआड तिचं टोक दिसत नव्हतं.

तिने ती हलकेच आपल्याकडे ओढली.

वायर आली नाही.